बारा व्होल्टची थाप

इंजिन घर्र-घर्र फिरतं, पण पेट काही घेत नाही. जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांना हा आवाज तोंडपाठ असतो. अशा वेळी पहिलं काम म्हणजे गप्प बसून ऐकणं. इंजेक्शनवाल्या गाडीत किल्ली 'ऑन'ला फिरवली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक 'हूंऽऽ' ऐकू येतं. टाकीतला पंप नळीत पेट्रोलचा दाब तयार करत असतो. तो आवाज नाही, म्हणजे पंप फिरत नाही. का फिरत नाही, ते शोधायचं. म्हणजे डिबगिंगच की!

दाभोळला बाबांच्या २००२ सालच्या गाडीला हेच झालं. (दाभोळ म्हटलं की लोकांना एन्रॉन आठवतं. तो प्रकल्प खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात. आमचं घर अलीकडे, दापोली तालुक्यात.) बाबा पंचाहत्तरीचे, एकटेच राहतात. गाडी आहे तोवर दापोलीचा डॉक्टर, बँक, औषधं, सगळं त्यांच्या हातात. गाडी गेली की "आता पुण्यालाच या" हा घरचा ठराव पास होणार, हे त्यांनाही पक्कं ठाऊक. त्यामुळे दर रविवारी फोनवर "सगळं उत्तम", आणि गाडी पंधरा दिवस अंगणात उभी! मला कळलं ते तिथे पोचल्यावर.

मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने पंपाच्या सॉकेटला मीटर लावला, बारा व्होल्ट दिसले. "करंट येतोय, म्हणजे पंपच गेला." टाकी उतरवायची, नवा पंप टाकायचा, हजारोंचा खर्च. त्यापेक्षा भंगारात द्या, असा सल्लाही मिळाला.

तर्क बरोबर वाटतो ना? पण मेख इथेच आहे. डिजिटल मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. पंपाला मात्र चार-पाच अँपिअर लागतात. वाटेत एखादा जोड गंजलेला असला तर नुसत्या मीटरला पूर्ण बारा व्होल्ट दिसतात, आणि पंपाने करंट मागितला की त्या जोडावरच व्होल्टेज गळतं. आपल्या धंद्यातलंच उदाहरण घ्या. पिंगला सर्व्हर झकास उत्तर देतो, आणि पन्नास युजर आले की झोपतो.

मग क्रमाने सुरुवात केली. फ्यूज शाबूत. रिले 'टक' करतोय. तरी हॉर्नचा तसाच रिले काढून तिथे लावून पाहिला, फरक शून्य. मग बॅटरीची मायनस तार सुटी केली, पंपाचा सॉकेट काढला आणि पंपाच्या जागी लांब तारेने हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडला. तो साधारण पंपाइतकाच करंट खातो. रिलेच्या जागी ३० आणि ८७ या दोन खाचा फ्यूजवाल्या तारेने जोडल्या, म्हणजे दोन सेकंदांऐवजी वीज सतत मिळते. (दारं उघडी, पेट्रोलचा वास नाही याची खात्री, आणि बल्ब गाडीच्या बाहेर. पेट्रोल आणि ठिणगी, हा खेळ नव्हे.) शेवटी बॅटरी पुन्हा जोडली.

बल्ब पेटला... पण पणतीसारखा! मीटर म्हणाला, ५ व्होल्ट. बॅटरीवर १२.३. मग मधले ७.३ गेले कुठे? बॅटरीच्या प्लसपासून सॉकेटच्या प्लसपर्यंत मोजलं, ०.३. सॉकेटच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं, ७! बेरीज चोख १२.३. किरचॉफने १८४५ साली मांडलेला नियम आमच्या फणसाखाली पुन्हा एकदा सिद्ध झाला.

म्हणजे चोर अर्थिंगमध्ये. तार धरून मागे गेलो. सीटखालच्या मॅटच्या आड बॉडीला बोल्टने आवळलेली पट्टी, तिच्यावर हिरवट पूड, खाली पत्र्याला गंज. खाडीच्या खाऱ्या हवेने वीस वर्षं निवांत काम केलं होतं. बोल्ट काढला, पट्टी आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, घट्ट आवळून वर ग्रीस फासलं. बल्ब लख्ख! मग पंप आणि रिले जागच्या जागी लावले, किल्ली फिरवली.

हूंऽऽ.

बाबा पायरीवरून उठलेच.

एकूण खर्च, एक पॉलिश पेपर. तुमची जुनी गाडी किनाऱ्यावर राहत असेल तर दर पावसाळ्यानंतर अर्थिंगचे बोल्ट एकदा उघडून बघा. आणि कुणी "बारा व्होल्ट येतायत" म्हणालं, तर पंप किंवा बल्ब जोडलेला असताना मोजले का, एवढं विचारा.

संध्याकाळी बाबांनी स्वतः गाडी काढली. २००३ पासून इथे फेरीबोट आहे, तिच्यात गाडी चढवून पलीकडे धोपाव्याला नेली आणि आणली. पुण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. असो.

हल्ली रविवारी फोनवर मी "कसे आहात?" विचारत नाही. "या आठवड्यात गाडी कुठे कुठे नेलीत?" एवढंच विचारतो.