डोळे मिटा, कान उघडा!

बालमित्रांनो, सिनेमात भूत एकदा दिसलं की निम्मी भीती पळते. 'हात्तिच्या, एवढंच होय!' असं वाटतं. पण भूत नुसतं ऐकू आलं तर? मग ज्याचं त्याचं भूत वेगळं. तुमचं तुम्हीच बनवलेलं!

अमेरिकेत टीव्ही घरोघरी पोचण्याआधी लोक रात्री रेडिओभोवती बसून भीतीच्या श्रुतिका ऐकत. १९३४ साली शिकागोत 'लाइट्स आउट' म्हणजे 'दिवे मालवा' ही मालिका सुरू झाली. ती लागायची रात्री उशिरा, निजानीज झाल्यावर! आवाज काढणारी मंडळी तर भारीच कल्पक. मुंडकं उडाल्याचा आवाज हवा? कापा कोबीचा गड्डा! आग हवी? चुरगळा सेलोफेनचा कागद!

अशा कितीतरी श्रुतिका ध्वनिमुद्रित असल्यामुळे आजही ऐकता येतात. माझ्या सर्वांत आवडत्या श्रुतिकेत मात्र भूतच नाही. तिचं नाव 'सॉरी, राँग नंबर'. ल्युसिल फ्लेचर यांनी लिहिलेली ही श्रुतिका २५ मे १९४३ रोजी 'सस्पेन्स' या मालिकेत पहिल्यांदा सादर झाली. अंथरुणाला खिळलेली एक बाई घरात एकटीच असते. नवऱ्याला फोन लावताना चुकून दुसरीच लाइन जोडली जाते आणि दोन माणसं एका बाईच्या खुनाचा बेत करताना तिला ऐकू येतात. ती ऑपरेटरला सांगते, पोलिसांना सांगते. कुणी मनावरच घेत नाही! ॲग्नेस मूरहेड यांचा आवाज आधी चिडका, मग कावराबावरा, मग रडवेला होत जातो. ऐकताना माझे हातपाय गार पडले होते. शेवट? तो नाही हं सांगणार!

ही गोष्ट मी सातवीच्या वर्गात मराठीतून सांगितली. सगळे चिडीचूप. मग एका मुलीनं विचारलं, "बाई, तिचं कुणीच का नाही ऐकलं?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "ती सारखी किरकिर करते ना, म्हणून."

किती खरं! 'लांडगा आला रे'मधला मुलगा खोटं बोलत होता. ही बाई तर खरंच सांगत होती. पण किरकिऱ्या माणसाचं खरंही कुणाला खरं वाटत नाही.

आई-बाबांनो, रोज कुरकुरणारं लेकरू एखाद्या रात्री म्हणालं, "मला भीती वाटतेय," तर "झोप गुमान" म्हणण्याआधी पाच मिनिटं त्याच्याजवळ बसा. आणि मुलांनो, तुमच्यातलं कुणी सारखं रडत असेल, तर त्याला 'रडूबाई' म्हणण्याआधी त्याचं एकदा नीट ऐकून घ्या बरं का!