टक्केवारीचा कागद

आमच्या कोल्हापुरात ‘खुळा’ हा शब्द शिवीला कमी आणि लाडाला जास्त वापरतात. त्यामुळे फुफूच्या थोरल्याला गल्ली खुळा म्हणायची, त्यात कुणालाच वावगं वाटलं नाही. कपिलतीर्थ मंडईत बापाच्या गाड्यावर तो टोमॅटो निवडतो. कच्चे, पिकलेले, फुटके, हात कधी चुकत नाही. पण 100 ची नोट हातात पडली की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत राहतो.

फुफूला प्रमाणपत्र हवं होतं, फुफांना नको. धाकटीचं स्थळ बघायचं चाललेलं. तीन वर्षं हा वाद चालला, शेवटी फुफूच जिंकली आणि आम्ही सोबत गेलो.

प्रश्न मराठीतून. आमच्या घरात दखनी, पोराची शाळा पाचवीत सुटलेली. दोन वस्तूंत साम्य काय, विचारलं, तर गप्प. फुफू हळूच म्हणाली, “दोनों में सरीखा क्या है रे?” लगेच उत्तर आलं. मदत करू नका, अशी ताकीदही आली. तपासणाऱ्यांचंही खोटं नव्हतं. पण मग आकड्यात बुद्धी किती आणि भाषा किती, हे कोण निवडणार?

बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये चाचणी केली, ती शाळेत मागं पडणाऱ्या मुलांना हुडकण्यासाठी. धारवाडच्या कामतांनी 1930 नंतर ती मराठी-कानडीत घडवली, कारण परक्या मुलांचे प्रश्न आपल्या मुलांना चालत नाहीत. कामतांचं हे म्हणणं आम्हाला पटतं; फक्त आमची घरची बोली त्या दोन्हींत बसत नाही. आणि रेघ तरी कुठं पक्की? अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 1959 मध्ये ती 85 च्या आसपास ओढली, 1973 मध्ये 70 वर आणली. मधली माणसं औषधाशिवाय बरी झाली!

आपला 2016 चा कायदा नुसती बुद्धी बघत नाही, रोजचं वागणंही बघतो. हे शहाणपणाचं. पण अडचण तिथंच. एकटा रस्ता ओलांडतो का? फुफूनं त्याला कधी ओलांडू दिलाच नाही. येत नाही की शिकवलं नाही? उलट मंडईत त्याचं निभावतं, कारण शेजारचे गाडेवाले नजर ठेवून असतात. शिवाय सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात. म्हणजे आईनं लेकराचे गुण झाकायचे. फुफू प्रत्येक प्रश्नाला “नाही” म्हणत गेली. टोमॅटोचं मात्र तिनं सांगितलंच, न विचारता.

50 टक्के आले. कागद फुफांनी कपाटात कुलपात ठेवलाय. धाकटीचं ठरलं की काढू, म्हणतात.