कालव्याच्या काठी



यहेज्केल संदेष्ट्याला खबार नदीतीरी दर्शन झाले, हे आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो. अभ्यासक म्हणतात, खबार ही नदी नसून बाबेलच्या मुलखात खणलेला कालवा असावा. त्याच्या काठी बंदिवान यहूद्यांची वस्ती होती. तेव्हापासून तो अध्याय वाचताना मला पुण्याचा मुठा कालवा आठवतो.

इंग्रज अमदानीत खडकवासल्याचे धरण बांधले गेले. त्याचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेटवरून हडपसरकडे आणि पुढे दौंड-इंदापूरच्या शेतीला जातो. पाणी शेतासाठी, पण शहरात त्याच्या काठाला माणसे वसली. दुष्काळाने गाव सोडलेली, मजुरीला आलेली. घरकाम करणाऱ्या मावश्या, बिगारी, रिक्षावाले. पाणी दारावरून वाहते आणि नळासाठी रांग लागते!

२७ सप्टेंबर २०१८ रोजी, गुरुवारी, जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली. पाणी दांडेकर पुलाजवळच्या झोपड्यांत घुसले. उंदीर-घुशींनी भराव पोखरला, असे तेव्हा सांगण्यात आले. कित्येकांचे संसार भर दिवसा वाहून गेले.

आम्ही काही जण तांदूळ, डाळ, चादरी घेऊन गेलो. एक मावशी चिखलातून काढलेली मुलीची पुस्तके दोरीवर वाळत घालत होत्या. पिशवी बाजूला ठेवून म्हणाल्या, “सगळे देतात आणि जातात. जरा बसा की.” आम्ही उलट्या ठेवलेल्या घमेल्यांवर बसलो. रेशनकार्ड कुठे गेले, शाळेचा दाखला कसा मिळेल, भिंत परत फुटली तर काय, असे त्या बोलत राहिल्या. आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी रेशनकार्डासाठी त्यांच्याबरोबर कचेरीत गेल्या.

यहेज्केल ३:१५ उघडून पाहा. संदेष्टा बंदिवानांकडे आला आणि सात दिवस नुसता त्यांच्यात बसून राहिला. परमेश्वराचे वचन त्याला पुन्हा मिळाले ते सात दिवसांनंतर. आपण मात्र पिशवीबरोबरच उपदेशही देऊन मोकळे होतो. आपला प्रभूही वरून मदत पाठवून थांबला नाही. तो आपल्यामध्ये येऊन राहिला.

तुमच्या मंडळीजवळही अशी एखादी वस्ती असेल, कालव्याची, नाल्याची, रुळांजवळची. या आठवड्यात तिथे जा, आणि घड्याळ न बघता बसा.

हे प्रभू, आम्हांला बोलण्याआधी बसायला शिकव. आमेन.