अंगठा आणि उत्तम आर्जव



दशलक्षण पर्वाचा दुसरा दिवस. पहाटे पाणी गाळायला निघाले आणि ओल्या फरशीवर पाय घसरला. कळशी सुटू नये म्हणून मूठ आवळलेली, सगळा भार अंगठ्यावर आला. मनगटाजवळ, अंगठ्याच्या बुडाशी सूज आली. मुरगळलं असेल म्हणून हळदीचा लेप लावला आणि घरात कुणाला बोलले नाही. दवाखान्यात नेलं तर माझं एकाशन मोडेल, ही भीती.

तीन दिवसांनी जपमाळेचा मणी पुढे सरकेना, गाळणं पिळता येईना. सूनबाई हळूच म्हणाली, "आई, परवा उत्तम आर्जवाची पूजा झाली. मग दुखणं लपवताय कशाला?" मी गप्प झाले. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरं, हेच तर मी करत होते.

एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं. डॉक्टरांनी समजावलं, याला बेनेट फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनच्या बेनेट नावाच्या सर्जननं 1882 मध्ये ते वर्णन केलं. अंगठ्याच्या बुडाचा सांधा खोगिरासारखा असतो. मोडल्यावर हाडाचा लहान तुकडा जागेवर राहतो, कारण अस्थिबंध त्याला धरून ठेवतो. उरलेलं हाड मात्र स्नायू ओढून सरकवतात. म्हणून नुसतं प्लास्टर पुष्कळदा पुरत नाही. सांधा नीट जुळला नाही, तर पुढे संधिवात आणि पकड कमी होण्याचा धोका.

माझा हातच बधिर केला. हाड ओढून बसवलं आणि एक्स-रेवर बघत दोन बारीक तारा कातडीतूनच घातल्या. वर अंगठ्यासकट प्लास्टर. पाच आठवड्यांनी तारा काढल्या, मग व्यायाम.

मी संकोच सोडून विचारलं, "रात्री मी काही घेत नाही, चालेल का?" डॉक्टरांनी औषधांच्या वेळा सूर्यास्ताआधी बसवून दिल्या, जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी साध्या गोळ्या दिल्या. विचारलं म्हणून झालं. तुम्हीही विचारा, मनानंच डोस मात्र गाळू नका.

पडल्यावर अंगठ्याच्या बुडाशी सूज आली, चिमटीत वस्तू धरवेना, तर चोळू नका, ओढू नका. एक्स-रे काढा. पहिल्या काही दिवसांत हाड बसवणं सोपं जातं.

क्षमावाणीला प्लास्टरमुळे हात नीट जोडता आले नाहीत. तसेच अर्धे जोडून सुनेला म्हटलं, "उत्तम क्षमा." तिनं माझा डावा हात हातात घेतला, आणि त्या दिवसाचं पाणी तिनंच गाळलं.