रेहेकुरीच्या माळावर

बाजरीची कणसे घरात आली, रब्बीची ज्वारी पेरून झाली, की दिवाळीच्या सुट्टीत चार-आठ दिवस थोडी उसंत मिळते. नेमकी तेव्हाच मुले मागे लागतात, ‘कुठंतरी जाऊ या.’ आपल्या जिल्ह्यात जाण्याजोग्या ठिकाणांना काही तोटा नाही. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) आपल्या अकोल्यात आहे, भंडारदरा आहे, हरिश्चंद्रगड आहे. पंडित नेहरूंना १९४२ ते १९४५ या काळात जिथे कैदेत ठेवले होते आणि जिथे त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, तो नगरचा किल्ला आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असे आपण मानतो, तो नेवाशाचा खांब आहे. हे सारे तुम्ही पाहिले असेल, नसेल तर जरूर पाहा. पण या खेपेस माझे ऐका आणि धबधब्याच्या उलट दिशेला चला. कर्जत तालुक्यात, रेहेकुरीच्या माळावर.

नगरहून सोलापूर रस्त्याने मिरजगावपर्यंत यावे आणि तेथून कर्जतकडे वळावे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्यांच्यावरून ते दिले, त्या अहिल्याबाईंचे जन्मगाव चोंडी याच भागात, शेजारच्या जामखेड तालुक्यात आहे. त्यामुळे सोबत म्हातारी माणसे असतील तर त्यांचेही दर्शन घडते. कर्जतपासून रेहेकुरी जवळच आहे. भल्या पहाटे निघावे, कारण उन्हे तापली की जनावर सावलीला बसते आणि मग तुम्हाला नुसते गवतच दिसेल.

तसे पाहिले तर नुसते गवत पाहायलाही मी तुम्हाला नेले असते. एरवी ज्याला आपण ‘बरड’ म्हणून नाक मुरडतो तो हा माळ आश्विन-कार्तिकात पाहावा. पवन्या आणि मारवेल पिकून सोनेरी झालेले असते, मधूनच एखादा हिवर, बाभूळ किंवा बोरीचे झुडूप. वारा आला की सगळा माळ एका अंगाने झुकतो. पायाखाली वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा खडक. एवढ्याशा मातीवर आणि या अवर्षणी मुलखातल्या पावसावर गवत कसे तगते, ते एखादे थोंब उपटून बघितल्याशिवाय कळत नाही. (ते मात्र अभयारण्यात उपटू नका, आपल्या बांधावरचे उपटा.) मुळांचे जाळे माती अशी धरून ठेवते की वळवाचा पाऊससुद्धा तिला हलवू शकत नाही.

ही गोष्ट मी पदवी घेताना पुस्तकात वाचली होती, पण शिकलो ती एका शेतकऱ्याचे नुकसान करून. नोकरीच्या पहिल्या वर्षांत असल्या जमिनी दिसल्या की मी कागदावर ‘पडीक’ असा शेरा मारून मोकळा व्हायचो. एका भल्या माणसाला मी आग्रहाने चार एकर माळ नांगरायला लावला. पहिली दोन वर्षे पीक बरे आले, त्याने मला घरी जेवायला बोलावले. तिसऱ्या वर्षी एका रात्रीच्या पावसात निम्मी माती ओढ्याला गेली आणि मुरूम उघडा पडला. त्यानंतर त्या तुकड्यावर पीक नाही आणि पवन्याही नाही, नुसती कुसळी उगवते, तीही विरळ. तो गृहस्थ मला कधी एका शब्दाने बोलला नाही. अजून बाजारात भेटला की चहा पाजतो, आणि तो चहा माझ्या घशाखाली नीट उतरत नाही.

असो. आता ज्यांच्यासाठी आलो त्यांच्याकडे वळू. देऊळगाव-रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० साली जाहीर झाले. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेपाचशे एकरांच्या आत-बाहेर. मोठ्या गावाची शिवारे याहून मोठी असतात! कळपात तांबूस रंगाच्या, बिनशिंगी दिसतात त्या माद्या. नर लहानपणी त्यांच्यासारखाच असतो, वय वाढेल तसा वरून काळा होत जातो, पोट मात्र पांढरे शुभ्र, आणि शिंगांना मळसूत्रासारखे पीळ. पूर्ण वाढलेला नर आपली जागा राखतो. ठरावीक ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकून तो हद्द सांगतो, जसा आपण बांधाला दगड रोवतो. आणि कळप बिथरला की त्याच्या उड्या पाहाव्यात. चारी पाय एकदम उचलून जनावर हवेत जाते, चेंडू उसळावा तसे. मुलांना दुर्बीण मिळाली तर ठीक, नाही तर गप्प उभे राहिले तरी पुरते. भोवती माळटिटव्या ओरडत असतात, चंडोल उंच जाऊन गात असतो, नशीब असेल तर लांडगाही दिसतो.

एक गोष्ट शेतकरी म्हणून ध्यानात ठेवा. हरणी व्याल्यावर पाडसाला गवतात लपवून चरायला जाते. चारा कापताना असे एकटे पाडस सापडले तर ते टाकून दिलेले नसते. दया येऊन घरी आणू नका. कुत्री आवरा आणि बाजूला व्हा, आई परत येते. आणि विहिरीला कठडा नसेल तर तेवढा बांधून घ्या, रात्रीच्या अंधारात कितीतरी जनावरे त्यात पडतात.

आता दुसरी बाजू. साडेपाचशे एकरांत काळवीट मावत नाही, आणि त्याला हद्द वाचता येत नाही. काही वर्षांपूर्वी माळालगतच्या एका शेतात पंचनाम्याला गेलो होतो. तुरीचे शेंडे कात्रीने खुडावेत तसे खुडलेले, हरभऱ्याच्या ओळीच्या ओळी साफ. शेतकरी म्हणाला, ‘‘साहेब, रात्रभर डबा वाजवतो. मारावंसं वाटत नाही, सोडवत पण नाही.’’ त्याची मंडळी बांधावर बसली होती. ती म्हणाली, ‘‘हरणानं खाल्लेलं लिहून घेता. सुट्टीला बघ्ये येतात, गाडी बांधावर लावतात, तुरीतून फोटो काढत फिरतात, ते कोण लिहितं?’’ मी मान खाली घालून आकडे लिहीत राहिलो. त्या रकान्यात तिच्या प्रश्नाला जागा नव्हती. तुमच्याकडे असे नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे तक्रार नोंदवा, उशीर झाला की भरपाईचे अवघड होते. मिळते ती रक्कम नुकसानीला पुरते असे मी म्हणणार नाही.

याच माळांवर पूर्वी माळढोक होता. पंधरा किलोपर्यंत भरणारा थोरला पक्षी, नाकतोडे खाऊन पिकाची राखण करणारा, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणारा. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. नकाशावर रेघ मारली ती अख्ख्या तालुक्यांवरून, गावे आणि खासगी शेते पोटात घेऊन. जमिनीच्या व्यवहाराला अडचणी आल्या, लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे ते क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. तोवर माळ नांगरले गेले होते, त्यांत माझा चार एकरांचा हातभार धरा, आणि माळढोक आपल्या शिवारातून गेला. माझ्या मते शेजारच्या माणसाला विचारात न घेता काढलेली मोठी हद्द कागदावरच राहते. रेहेकुरीची हद्द लहान, पण आत गवत राखले गेले, आणि शेजारी कुरकुरत का होईना, काळविटाला सोसत आले.

तेव्हा जाल तर गाडी रस्त्यावरच उभी करा, उभ्या पिकात पाय घालू नका. पाणी आणि भाकरी घरून न्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणा. दुपारी वेळ उरला तर राशीनला देवीचे दर्शन घ्या. तिथल्या हलत्या दीपमाळा मुलांना फार आवडतात. भीमेकाठचे सिद्धटेकही याच तालुक्यात आहे. आणि माळाच्या कडेने परतताना बांधावर कुणी राखणीला बसलेले दिसले, तर दोन मिनिटे थांबून, यंदा तूर कशी आहे, एवढे विचारा.