टेकडीवरचे तळघर

जर्मनीतील बव्हेरिया प्रांताच्या उत्तर भागास फ्रांकोनिया म्हणतात. न्युरेंबर्गहून आगगाडीने निघाले म्हणजे तासाभराच्या आत बांबेर्ग लागते. रेग्निट्झ नदीच्या काठी आणि सात टेकड्यांवर वसलेले, सुमारे पाऊण लाख वस्तीचे हे गाव. दुसऱ्या महायुद्धाच्या आगीतून ते बरेचसे बचावले, आणि १९९३ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथील १२३७ सालचे कॅथेड्रल, नदीच्या पात्रात पुलाला धरून उभी असलेली जुनी नगरसभा, हेगेलसारख्या तत्त्वज्ञाने १८०७-०८ मध्ये तेथे केलेली वृत्तपत्राची संपादकी, हे सर्व प्रवासपुस्तकांत विस्ताराने सापडेल. आम्ही लिहिणार आहोत ते तेथील पानगृहांविषयी. विषय वाचून काही वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतील. त्यांनी थोडा धीर धरावा.

बांबेर्गला आमचे एक कॉलेजातील स्नेही वीस-बावीस वर्षे राहत आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी वारली, मूलबाळ नाही. आम्ही तिकडे जाणार हे कळताच त्यांच्या मातोश्रींनी आम्हां उभयतांस सदाशिव पेठेतील घरी बोलावून घेतले. "फोनवर विचारले की 'मजेत आहे' एवढेच म्हणतो. जेवतो काय, रविवारी बोलतो कोणाशी, ते डोळ्यांनी बघून या. आणि जमले तर त्याला परतच घेऊन या," असे त्या म्हणाल्या. थालीपिठाची भाजणी आणि लसणीच्या चटणीची बरणी त्यांनी आमच्या सामानात स्वतः ठेवली.

पहिल्याच संध्याकाळी स्नेह्यांनी आम्हांस कॅथेड्रलच्या पायथ्याशी असलेल्या 'श्लेंकेर्ला'मध्ये नेले. ह्या घराचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १४०५ सालचा आहे. हात हेलकावत चालणाऱ्या एका जुन्या मालकाच्या चालीवरून लोकांनी हे नाव पाडले म्हणतात. आज हा व्यवसाय एकाच कुटुंबाच्या सहाव्या पिढीकडे आहे. काळवंडलेल्या तुळयांखाली लांब बाके, त्यांवर आजोबा, सुना, शाळकरी मुले अशी सगळी मंडळी दाटीने बसलेली. स्वतंत्र टेबलाची अपेक्षा येथे कोणी करीत नाही, "जागा आहे का?" एवढे विचारावयाचे आणि अनोळखी माणसाशेजारी टेकावयाचे. आपल्याकडे 'दारूचे दुकान' म्हणताच जे चित्र उभे राहते, त्याचा येथे मागमूसही नव्हता. लग्नघरातील पंगतीचा गलबला मात्र पुष्कळ होता.

येथील बिअर धुराची असते. वाचकभगिनींस ही कृती समजावयास अवघड जाणार नाही, कारण नाचणीचे सत्त्व करताना आपण धान्य भिजवितो, मोड आणतो आणि वाळवितो, तेच येथे जवाचे करतात. फरक वाळविण्यात आहे. पूर्वी सर्वत्र मोडाचे धान्य लाकडाच्या विस्तवावर वाळवीत, त्यामुळे सगळ्याच बिअरला धुराचा वास असे. पुढे धूर लागू न देता केवळ उष्ण हवेने वाळविणाऱ्या भट्ट्या निघाल्या आणि जगभर तो वास नाहीसा झाला. बांबेर्गच्या दोन घरांनी, 'श्लेंकेर्ला' आणि 'श्पेत्सिआल' यांनी, बीचच्या लाकडाचा धूर सोडला नाही. लाकडी पिंपातून काढलेला तो काळसर पेला नाकाजवळ नेताच आम्हांस चुलीत भाजलेल्या भरताच्या वांग्याची आठवण झाली. तिसऱ्या पेल्यापर्यंत ही चव उमगत नाही, असे गावकरी सांगतात. आम्ही एकावरच थांबलो, तेव्हा आमचे मत अपुरे समजावे. सौभाग्यवतींनी सफरचंदाचा रस सोडावॉटर घालून घेतला. त्यावर कोणी भुवई उंचावली नाही.

बिअरच्या शुद्धतेविषयी हे लोक आपल्याकडील सोवळ्याइतकेच कडक. जव, हॉप नावाच्या वेलाची फुले आणि पाणी यांखेरीज काही घालू नये, हा बव्हेरियाचा १५१६ सालचा कायदा प्रसिद्ध आहे. पण बांबेर्गच्या बिशपने तसा हुकूम १४८९ सालीच काढला होता, हे सांगताना आमच्या स्नेह्यांची मान किंचित ताठ झाली. परक्या गावाचा असा अभिमान आम्ही मनात टिपून ठेवला.

शाकाहारी माणसाची येथे थोडी पंचाईत होते. शेजारच्या ताटात भरल्या कांद्यासारखा सुरेख पदार्थ पाहून सौभाग्यवतींनी आशेने चौकशी केली, तो आत खिमा निघाला. अखेर बटाट्याचा मोठा उकडलेला गोळा आणि अळंब्यांचा दाट रस्सा यांवर भागले, आणि चांगले भागले.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे गेलो. तेथे एकाच रस्त्यावर समोरासमोर 'श्पेत्सिआल' (१५३६) आणि 'फेस्ला' (१६४९) ही दोन घरे आहेत. पुढे पानगृह, मागे बिअर करण्याचा कारखाना, वर उतारूंच्या खोल्या. 'श्पेत्सिआल'मध्ये एका कोपऱ्यातील टेबल ठरावीक मंडळींचे असते; त्यास 'श्टामटिश' म्हणतात. दर गुरुवारी तेथे एक निवृत्त पोस्टमन, एक सुतार, एक शिक्षिका आणि आमचे स्नेही बसतात. पत्नी गेल्यावर चार महिने ते घराबाहेर पडले नव्हते. त्या काळात सुताराने न विचारता येऊन त्यांच्या जिन्याचा कठडा दुरुस्त केला, शिक्षिका आठवड्यातून एकदा दाराशी सूपचे भांडे ठेवून जाई. "आणि ज्या गुरुवारी मी परत आलो," स्नेही म्हणाले, "त्या दिवशी कोणी काहीच बोलले नाही. फक्त सगळे बाकावर थोडे सरकले." हे सांगताना ते खिडकीबाहेर पाहत होते. आम्हीही तिकडेच पाहिले.

रविवारी केलरवर जावयाचे ठरले. केलर म्हणजे तळघर. पण फ्रांकोनियात माणसे तळघरात उतरत नाहीत, तळघरावर चढतात! बर्फाची यंत्रे नव्हती तेव्हा टेकड्यांच्या वाळूच्या खडकांत भुयारे खोदून बिअरची पिंपे थंडाव्यास ठेवीत, आणि वर ऊन लागू नये म्हणून चेस्टनटची दाट झाडे लावीत. पुढे लोक त्या सावलीतच जाऊन बसू लागले. बव्हेरियातील अशा जुन्या रिवाजाच्या बागांत पेय तेथले घ्यावे, खाणे घरून आणावे अशी मुभा आहे. "बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत" ही पाटी वाचीत वाढलेल्या आम्हांस हे मोठे नवल वाटले. सौभाग्यवतींनी पहाटे उठून स्नेह्यांच्या स्वयंपाकघरात भाजणीची सोळा थालीपिठे लावली.

टेकडीवरून गावाची लाल कौले आणि कॅथेड्रलचे चारही मनोरे दिसत होते. गुरुवारची मंडळी आपापल्या टोपल्या घेऊन आली. कोणी मुळ्याच्या मीठ लावलेल्या चकत्या, कोणी पाव आणि चीज आणले होते. थालीपिठे टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली आणि परत आली नाहीत. पोस्टमन आजोबांनी लसणीची चटणी जॅमप्रमाणे पावास लावली, डोळ्यांतून पाणी काढले, अर्धा पेला एका दमात रिता केला आणि पुन्हा बरणीकडे हात केला.

अंधार पडू लागला तेव्हा आम्ही मातोश्रींचा निरोप अखेर बोलून दाखविला. स्नेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, आईला सांगा, मार्चमध्ये येतो. दोन महिने राहीन. कायमचा म्हणून नाही." सुताराने त्यांना काय चालले आहे ते विचारले. त्यांनी जर्मनमध्ये दोन वाक्यांत सांगितले. सुताराने मान हलविली आणि बोटांवर मार्च, एप्रिल असे मोजून, गुरुवार किती चुकतील ते त्यांस विचारले.