तण कुणाचे?

अकोल्यातील आमच्या घरामागे तीनेक गुंठ्यांची बाग आहे. मृगाच्या सरी कोसळल्या की तेथे आम्ही लावलेल्यापेक्षा न लावलेलेच अधिक जोमाने उगवते. नको त्या जागी उगवलेले रोप म्हणजे तण, ही कृषिशास्त्रातील सुटसुटीत व्याख्या आम्ही वर्षानुवर्षे बिनतक्रार मान्य केली होती. ‘नको’ म्हणजे कुणाला नको, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही.

वास्तविक तो पडावयास हवा होता. काडीचा तुकडा मातीत उरला तरी पुन्हा फोफावते म्हणून शेतकरी ज्या हरळीस खणून काढतो, तीच गणपतीपुढे दूर्वा होऊन बसते. आघाड्याचेही तसेच, एरवी उपटून टाकायचा आणि भाद्रपदात पत्रीसाठी शोधत हिंडायचे. सकाळी बांधावर फेकलेली हरळी संध्याकाळी बाजारातून जुडीने विकत आणण्याचा पराक्रम आम्हीही केला आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे खुरपणीस एक आजी येत. त्यांच्या मागे उपटलेल्याचे दोन वाटे पडत. एक बांधावर जाई, दुसरा ओटीत. ओटीतल्या वाट्यात घोळ, तांदुळजा, कोवळा कुर्डू असे. ती त्यांची रात्रीची भाजी. आम्ही हे रोज पाहत होतो. पण तो मजुरीचाच एक भाग आहे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी वेळ आणि पैसा वाचावा म्हणून आम्ही तणनाशक फवारले. काही दिवसांत सारे पिवळे पडले. आजी आल्या, बांधावर थबकल्या आणि म्हणाल्या, “मजुरीचं जाऊ द्या दादा, पण आता कालवणाला काय नेऊ?” आम्ही पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत.

याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आम्हीही अभिमानाने मिरवलो होतो. बांधावर आजी उभ्या असताना तो अभिमान आम्हांस पोकळ वाटला.

म्हणून सर्वच तणांना अभय द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. अमेरिका खंडातून आलेले आणि भारतात १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजर गवत अंगाला खाज आणते, दमा उठवते. एकेक झाड हजारो बिया टाकते. ते आम्ही फुलण्यापूर्वीच मुळासकट उपटतो, तेही हातमोजे घालून. भाजीच्या वाफ्यातही खुरपे चालवावेच लागते. फक्त आता ते कुठे चालवायचे, हे आम्ही एकट्याने ठरवीत नाही.

फवारणी थांबवली, आजींना निरोप धाडला आणि गेल्या पावसाळ्यात त्या पुन्हा आल्या. वांग्यांच्या वाफ्यात कुर्डू माजला होता. आम्ही तो मुद्दाम राखला होता. मोठ्या औदार्याने विचारले, “हा तुमच्यासाठी ठेवायचा ना?”

आजींनी पान चुरगाळून पाहिले. “जून झाला की हा. आता काढा!”